ग्रंथप्रेमी बेंजामिन फ्रँकलिन

तीनशे वर्षांपूर्वी पुस्तक ही मोठी दुर्मीळ वस्तू होती. पुस्तके महाग असत आणि ती बहुधा श्रीमंतांच्या वाड्यांत, धर्मगुरूंच्या घरांत आणि महाविद्यालयांच्या कपाटांत बंद असत. कष्टकऱ्याच्या मुलाला वाचनाची कितीही ओढ असली, तरी ती पुरवण्याचे साधन त्याच्यापाशी नसे. अशा काळात अमेरिकेतील एका तरुण मुद्रकाने आपल्यासारख्याच साध्या कारागिरांना एकत्र आणले, त्यांच्याकडून थोडे थोडे पैसे जमवले आणि सर्वांच्या उपयोगी पडेल असे एक ग्रंथालय उभे केले. त्या मुद्रकाचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. विजेचे रहस्य शोधणारा शास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार म्हणून जग त्याला ओळखते. परंतु त्याच्या थोर जीवनाचा पाया पुस्तकांनीच घातला होता.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन या गावी झाला. त्या वेळी अमेरिकेतील हा प्रदेश इंग्लंडच्या अमलाखाली होता. बेंजामिनचे वडील मेणबत्त्या आणि साबण तयार करून विकत असत. घरात सतरा भावंडे! त्यांत बेंजामिन पंधरावा, आणि मुलग्यांमध्ये सर्वांत धाकटा. त्याने धर्मोपदेशक व्हावे, असे वडिलांच्या मनात होते. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार वाहताना शिक्षणाचा खर्च त्यांना झेपेना. अवघी दोन वर्षे शाळेत काढल्यावर, दहाव्या वर्षी बेंजामिनची शाळा सुटली, ती कायमचीच. मेणबत्त्यांच्या वाती कापणे, साच्यांत चरबी ओतणे, दुकानात बसणे अशी कामे तो वडिलांच्या हाताखाली करू लागला.

या कामात त्याचे मन रमत नव्हते. ते रमत होते पुस्तकांत. हाती एखादे नाणे पडले की त्याचे तो पुस्तक घेई. बनियन या लेखकाचे ग्रंथ त्याने असेच एकेक करून जमवले. ते वाचून झाल्यावर त्याने विकून टाकले आणि आलेल्या पैशांतून इतिहासाच्या लहान लहान पुस्तकांचा एक संच घेतला. वडिलांच्या संग्रहात धार्मिक वादविवादाचे ग्रंथच फार होते. त्याने तेही वाचून काढले. पण त्यांतून आपल्याला फारसे काही मिळाले नाही, याची रुखरुख त्याला जन्मभर वाटली. त्याच कपाटात प्लूटार्कने लिहिलेली थोर पुरुषांची चरित्रे होती. ती मात्र त्याने पुन्हा पुन्हा वाचली. कोणते पुस्तक वेळ सार्थकी लावते आणि कोणते नुसताच वेळ घेते, याची पारख त्याला अशी लहानपणीच होऊ लागली.

मुलाचे हे पुस्तकवेड पाहून वडिलांनी त्याला बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवले. तेथे खिळे जुळवण्याचे काम तो लवकरच शिकला. छापखान्यात आल्यामुळे पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांतील पोरांशी त्याची ओळख झाली. दुकान बंद होताना ती मुले त्याला एखादे लहानसे पुस्तक गुपचूप देत. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ते जागच्या जागी गेले नाही, तर चोरी उघडकीस यायची! म्हणून बेंजामिन आपल्या खोलीत बसून अर्धी अधिक रात्र वाचत राही आणि पहाटे ते पुस्तक डाग पडू न देता परत करी. पुढे छापखान्यात येणाऱ्या ॲडम्स नावाच्या एका व्यापाऱ्याचे त्याच्याकडे लक्ष गेले. त्याने या मुलाला आपला ग्रंथसंग्रह दाखवला आणि हवी ती पुस्तके वाचायला दिली.

उसन्या पुस्तकांनी तहान भागेना. तेव्हा बेंजामिनने एक युक्ती केली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने मांसाहार सोडला होता. आपल्या जेवणावर होणाऱ्या खर्चाची निम्मीच रक्कम आपल्याला द्यावी, आपण आपल्या जेवणाची सोय पाहू, असे त्याने भावाला सुचवले. भावाने ते आनंदाने मान्य केले. पावाचा एखादा तुकडा, मूठभर बेदाणे आणि पेलाभर पाणी एवढ्यावर तो दुपार भागवी. मिळालेल्या रकमेतलीही निम्मी रक्कम शिल्लक पडे. तिची तो पुस्तके घेई. आणि इतर कामगार जेवायला गेले की रिकाम्या छापखान्यात वाचत बसे.

लेखनही तो असेच स्वतःच्या बळावर शिकला. चांगल्या लेखकाचा एखादा निबंध वाचून तो त्यातील विचारांची अगदी थोडक्यात टिपणे करी, काही दिवस ती बाजूला ठेवी, मग मूळ न पाहता तो निबंध आपल्या शब्दांत लिहून काढी. नंतर दोन्ही लेखन ताडून पाही आणि आपल्या चुका दुरुस्त करी.

जेम्सशी त्याचे फार काळ पटले नाही. भाऊ मारहाण करी, आणि बेंजामिनही हट्टी होता. इ. स. १७२३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, उमेदवारीचा करार मोडून त्याने बोस्टन सोडले. पुढे आपल्या आयुष्यातील चुका मोजताना हीसुद्धा एक चूकच होती, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले. प्रवासाच्या खर्चासाठी त्याला आपली काही पुस्तके विकावी लागली. न्यूयॉर्कमध्ये काम मिळाले नाही, म्हणून तो फिलाडेल्फियाला गेला. त्या गावात त्याने पाऊल टाकले तेव्हा अंगावरचे कपडे मळलेले होते, खिशात मोजकी नाणी होती आणि पोटात भूक होती. तीन मोठे पाव विकत घेऊन, दोन काखेत आणि एक खात खात, तो त्या अनोळखी शहराच्या रस्त्याने चालत निघाला.

पुढच्याच वर्षी तेथील गव्हर्नरच्या पोकळ आश्वासनांवर विसंबून तो लंडनला गेला. छापखान्याचे सामान घेण्यासाठी शिफारसपत्रे मिळणार होती. ती मिळालीच नाहीत. परक्या शहरात त्याला पुन्हा कामगार म्हणून राबावे लागले. पण तेथेही पुस्तकांनी त्याला साथ दिली. त्याच्या बिऱ्हाडाशेजारी जुन्या पुस्तकांचा एक मोठा विक्रेता होता. वाचनालयातून पुस्तक भाड्याने नेण्याची पद्धत त्या काळी लंडनमध्येही रूढ नव्हती. फ्रँकलिनने त्या विक्रेत्याशी बोलणे केले आणि ठरावीक मोबदला देऊन दुकानातील कोणतेही पुस्तक नेण्याची, वाचण्याची आणि परत करण्याची सोय करून घेतली. थोड्या पैशांत पुष्कळ पुस्तके वाचता येतात, हा धडा त्याला येथे मिळाला.

इ. स. १७२६ मध्ये तो फिलाडेल्फियाला परतला. दुसऱ्या वर्षी त्याने आपल्या ज्ञानप्रेमी मित्रांचे एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव जंटो. या मंडळात कोण होते? कोणी दस्तऐवजांच्या नकला करणारा, कोणी मोजणीदार, कोणी खिडक्यांना काचा बसवणारा, कोणी सुतार, कोणी जोडे शिवण्याचे काम शिकलेला, तर काही छापखान्यातले कामगार. काचा बसवणारा टॉमस गॉडफ्रे हा स्वतःच्या प्रयत्नाने गणितात मोठा पारंगत झालेला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी मंडळी जमत. नीती, राज्यकारभार किंवा सृष्टिविज्ञान यांतील एखादा प्रश्न प्रत्येकाने आळीपाळीने मांडायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा, असा नियम होता. चर्चा सत्य शोधण्यासाठी करायची, वादात जिंकण्यासाठी नव्हे. म्हणून आपलेच खरे असा हेका धरणाऱ्याला आणि दुसऱ्याचे म्हणणे तोडून टाकणाऱ्याला किरकोळ दंड होई.

चर्चेत वारंवार पुस्तकांचे दाखले द्यावे लागत आणि हवे ते पुस्तक नेमके कोणाच्या तरी घरी राहिलेले असे. तेव्हा फ्रँकलिनने सुचवले, की सर्वांनी आपापली पुस्तके मंडळाच्या खोलीत आणून ठेवावीत. म्हणजे प्रत्येकाला सर्वांची पुस्तके वापरता येतील. मित्रांना ही कल्पना पटली. पुस्तके आली, पण अपेक्षेपेक्षा फारच थोडी. खोलीचे एक टोक तेवढे भरले. काही दिवस त्यांचा चांगला उपयोग झाला. परंतु जे सर्वांचे, त्याची निगा कोणीच नीट राखीना. त्यामुळे गैरसोयी होऊ लागल्या, आणि वर्षभराने प्रत्येकाने आपापली पुस्तके घरी परत नेली.

कपाट रिकामे झाले; पण फ्रँकलिनने ती कल्पना सोडली नाही. योजना का फसली याचा त्याने विचार केला. घरची पुस्तके गोळा करून भागणार नव्हते. सर्वांच्या पैशांतून, विचारपूर्वक निवडलेली नवी पुस्तके आणली पाहिजेत, ती सर्वांच्या मालकीची असली पाहिजेत, आणि त्यांची काळजी घेण्यासाठी नियम व जबाबदार माणूस हवा, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने नवी योजना आखली आणि एका अनुभवी दस्तलेखकाकडून तिचे रीतसर करारपत्र तयार करून घेतले. १ जुलै १७३१ ही त्या कराराची तारीख. प्रत्येक सभासदाने आरंभी ४० शिलिंग द्यायचे आणि पुढे दर वर्षी १० शिलिंग वर्गणी भरायची, असे ठरले. पन्नास सभासद मिळाले म्हणजे आरंभीचे २००० शिलिंग, अर्थात १०० पौंड जमणार होते.

पन्नास माणसे मिळवणे मात्र सोपे नव्हते. गावात वाचणारे थोडे, आणि जे होते ते बहुतेक गरीब कारागीर. फ्रँकलिन दारोदार फिरू लागला. एक गोष्ट लवकरच त्याच्या लक्षात आली. योजना आपली आहे असे तो सांगू लागला, की ऐकणाऱ्याचा उत्साह मावळे. एखाद्या चांगल्या कामाने आपल्याच बरोबरीच्या माणसाचा मोठेपणा वाढतो आहे असे वाटले, की लोक मदतीचा हात आखडता घेतात. तेव्हापासून त्याने स्वतःला मागे ठेवले. काही मित्रांनी ही योजना केली आहे आणि वाचनप्रिय लोकांना ती कळवण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे, असे तो सांगू लागला. काम पुढे सरकले. पुष्कळ खटपटीनंतर पन्नास सभासद मिळाले. पुढे प्रत्येक सार्वजनिक कामात त्याने हीच रीत पाळली.

आता प्रश्न आला पुस्तकांच्या निवडीचा. पैसे थोडे, आणि इंग्लंडहून एकदा मागवलेली पुस्तके परत करणे शक्य नव्हते. म्हणून मंडळींनी जेम्स लोगन या विद्वान गृहस्थाचा सल्ला घेतला. त्या भागात त्याच्याइतका मोठा ग्रंथसंग्रह आणि ग्रंथांची जाण क्वचितच कोणाला होती. त्या काळच्या महाविद्यालयांच्या संग्रहांत धर्मशास्त्राचे आणि लॅटिन भाषेतील ग्रंथ अधिक असत. या कारागिरांनी वेगळी वाट धरली. आपल्याला समजणाऱ्या इंग्रजी भाषेतील आणि आपल्या जीवनाला उपयोगी पडणारी पुस्तके त्यांनी निवडली. इतिहास, चरित्रे, गणित, ज्योतिष, रसायन, शरीरशास्त्र, शिल्पकला आणि बागकाम अशा अनेक विषयांना त्यांच्या यादीत जागा मिळाली. होमर आणि व्हर्जिल यांची महाकाव्येही त्यांनी इंग्रजी भाषांतरांत मागवली. लहानपणी ज्याने मन घडवले, तो प्लूटार्कचा चरित्रग्रंथ त्या यादीत होताच.

३१ मार्च १७३२ रोजी ही यादी आणि ४५ पौंडांची हुंडी लंडनला जाणाऱ्या टॉमस हॉपकिन्सन या सभासदाच्या हवाली करण्यात आली. लंडनमध्ये पीटर कॉलिन्सन हा एक सुशील व्यापारी होता. वनस्पती आणि विज्ञान यांची त्याला मोठी आवड. दूर देशीच्या कारागिरांची ही धडपड पाहून त्याला कौतुक वाटले. त्याने पुस्तके निवडण्यास व विकत घेण्यास साहाय्य केले आणि स्वतःच्या पदरची दोन पुस्तके भेट म्हणून पाठवली. एकात न्यूटनच्या विज्ञानाचे विवरण होते, तर दुसरा बागकामाचा कोश होता. पुढे अनेक वर्षे तो कोणताही मोबदला न घेता या ग्रंथालयासाठी पुस्तके घेऊन पाठवत राहिला.

ऑक्टोबर महिन्यात पुस्तकांच्या पेट्या घेऊन जहाज फिलाडेल्फियाला पोचले. सात महिन्यांची प्रतीक्षा संपली! एका मुद्रकाच्या घरी ग्रंथालय सुरू झाले आणि त्याचीच ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली. बुधवारी एक तास आणि शनिवारी सहा तास ते उघडे असे. कोणाही सभ्य माणसाला तेथे बसून वाचण्याची मुभा होती. घरी पुस्तक नेण्याचा अधिकार मात्र सभासदांचा. ते नेताना हमीची चिठ्ठी लिहून द्यावी लागे. पहिल्या प्रयत्नातील उणीव अशा रीतीने भरून निघाली. पुढे काही महिने फ्रँकलिनने स्वतः ग्रंथपालाचे काम केले. शाळा लवकर सुटल्यामुळे राहिलेले शिक्षण तो आता दररोज तास दोन तास वाचून भरून काढू लागला.

पुस्तकाने वैरही कसे मिटते, याचा एक प्रसंग त्याच्या चरित्रात आहे. विधिमंडळाच्या चिटणिसाच्या जागेसाठी त्याची फेरनिवड व्हायची होती, तेव्हा एका सधन सभासदाने त्याला कडाडून विरोध केला. फ्रँकलिनने त्याची हांजी हांजी केली नाही, की त्याच्याशी भांडणही केले नाही. त्या गृहस्थाच्या संग्रही एक दुर्मीळ ग्रंथ होता. तो काही दिवस वाचायला मिळेल का, असे त्याने नम्रपणे पत्र लिहून विचारले. ग्रंथ लगेच आला. आठवड्याभरात फ्रँकलिनने तो आभारपूर्वक परत केला. त्यानंतर तो गृहस्थ आपण होऊन त्याच्याशी बोलू लागला आणि त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

ग्रंथालयाची भरभराट होत गेली. इ. स. १७४२ मध्ये त्याला अधिकृत सनद मिळाली. न्यूपोर्ट व चार्ल्सटन अशा इतर शहरांतही वर्गणीची ग्रंथालये निघाली. कॉलिन्सनने एकदा पुस्तकांबरोबर विजेच्या प्रयोगांसाठी काचेची एक नळी पाठवली. तिच्यामुळेच फ्रँकलिनच्या विद्युत्‌संशोधनाला चालना मिळाली. आपले प्रयोग तो पत्रांतून कॉलिन्सनला कळवी. ती पत्रे १७५१ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी पतंगाच्या प्रसिद्ध प्रयोगाने, आकाशातील वीज आणि घर्षणाने निर्माण होणारी वीज एकच आहे, हे त्याने दाखवले. उंच इमारतींचे रक्षण करणारा विद्युत्‌रोधक गज ही त्याचीच देणगी होय.

इ. स. १७७४ मध्ये अमेरिकन वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. ज्या इमारतीत त्यांची सभा भरली, तिच्याच वरच्या मजल्यावर हे ग्रंथालय होते. प्रतिनिधींना ते विनामूल्य वापरू देण्यात आले. दोन वर्षांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. तो तयार करणाऱ्या समितीत फ्रँकलिन होता. त्यानंतर फ्रान्समध्ये राहून त्याने आपल्या देशासाठी मदत मिळवली.

तो फ्रान्समध्ये असताना मॅसॅच्युसेट्‌समधील एका नव्या गावाने त्याचे नाव धारण केले होते. गावकऱ्यांनी प्रार्थनामंदिरासाठी एका घंटेची देणगी मागितली. घंटेच्या नादापेक्षा ज्ञानाचा लाभ मोठा, असे मानणाऱ्या फ्रँकलिनने घंटेऐवजी पुस्तके पाठवण्याचे ठरवले. निवडीचे काम त्याने लंडनमधील आपला विद्वान मित्र रिचर्ड प्राइस याच्याकडे सोपवले. त्या गावाला ११६ पुस्तके मिळाली. ती कोणी वाचावी यावरून तेथे बराच वाद झाला. अखेर १७९० मध्ये गावसभेने ती सर्व रहिवाशांना विनामूल्य खुली केली.

फ्रँकलिनचे चरित्र सर्वथा निर्दोष होते असे नाही. त्याने स्वतः काही काळ गुलाम बाळगले होते. परंतु ज्ञान आणि विचार यांनी माणूस बदलू शकतो. उतारवयात, १७८७ मध्ये, गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या एका संस्थेचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले आणि त्या कामाला अखेरपर्यंत आपले बळ दिले.

इ. स. १७८९ मध्ये ग्रंथालयाच्या नव्या वास्तूची कोनशिला बसवण्यात आली. तिच्यावर कोरायचा मजकूर त्र्याऐंशी वर्षांच्या फ्रँकलिनने लिहून दिला. फिलाडेल्फियातील तरुण कारागिरांनी हे ग्रंथालय स्थापन केले, असा गौरवाने उल्लेख त्याने केला. स्वतःचे नाव मात्र कोठेही घातले नाही. तेव्हा ग्रंथालयाच्या समितीने, हे कार्य फ्रँकलिनच्या प्रेरणेने झाले, एवढे शब्द त्यात वाढवले.

१७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिनचे देहावसान झाले. एका रात्रीपुरते उसने पुस्तक आणून वाचणाऱ्या मुलाने शेकडो लोकांच्या हाती पुस्तके दिली. जे ज्ञान स्वतःला कष्टाने मिळाले ते इतरांना सुलभ करून देणे, आणि त्याचे श्रेय सर्वांना वाटून टाकणे, यातच त्याचे मोठेपण होते.

स्वाध्याय

१. बेंजामिनने लहानपणी पुस्तके कोणकोणत्या मार्गांनी मिळवली?
२. मित्रांनी आपापली पुस्तके एकत्र ठेवण्याचा पहिला प्रयत्न का फसला? त्यातून फ्रँकलिन काय शिकला?
३. ग्रंथालयासाठी पुस्तके निवडताना मंडळींनी कोणत्या गोष्टींचा विचार केला?
४. वर्गणीदार मिळवताना फ्रँकलिनने स्वतःला मागे का ठेवले? कोनशिलेच्या प्रसंगाशी त्याचा संबंध दाखवा.
५. तुमच्या वर्गासाठी पंचवीस पुस्तकांचे ग्रंथालय काढायचे आहे. पैसे कसे जमवाल, पुस्तके कशी निवडाल आणि कोणते नियम कराल, ते दहा ओळींत लिहा.